बाद शब्द

दातांच्या दवाखान्यात पेशंटची नावं लिहून घेणाऱ्या बाईंना सगळं घर ‘कोशवहिनी’ म्हणे. अक्षरांचा खेळ हे त्यांचं वेड. पाच-सहा अक्षरं घ्यायची, काना-मात्रा-वेलांटी हवी तशी लावायची, एक अक्षर एकदाच वापरायचं आणि शब्द काढायचे. आत ड्रिलचा आवाज सुरू झाला की बाहेर पांढऱ्या पडलेल्या पेशंटना त्या या खेळात गुंतवत. पण शब्दाच्या बाबतीत भारी कडक. विशेषनाम बाद, अनेकवचन बाद, मनाला न पटलेलं सगळंच बाद.

या कडकपणापायी धाकट्या जावेशी बोलणं तुटलं. पाहुण्यांनी भरलेल्या घरात धाकटीनं ‘फतकल’ काढला. वहिनी म्हणाल्या, “फतकल मारतात. नुसता फतकल कुठे असतो? बाद!” पाहुणे हसले. धाकटी उठून गेली, ती त्यानंतर वहिनींशी कामापुरतंही बोलेना.

एक दिवस सासूबाईंना एका इमारतीच्या वरच्या मजल्यावर गुडघ्याच्या व्यायामाला सोडून दोघी एकाच लिफ्टनं खाली निघाल्या. एक आरशात बघत होती, दुसरी दाराकडे. मधेच लिफ्टला हिसका बसला. दिवा गेला, पंखा थांबला. घंटेचं बटण दाबलं तर आवाज नाही. मोबाइलला रेंज नाही. वहिनींनी दारावर थापा मारल्या, ओरडून पाहिलं. बऱ्याच वेळानं वरून कोणीतरी म्हणालं, “थांबा, माणूस बोलावलाय!”

धाकटी अंधारात पर्स उपसत होती. “पंप,” ती म्हणाली. तिला दमा होता. “पंप सासूबाईंच्या पिशवीत राहिला.” वहिनी वरच्या माणसाला ओरडल्या, “व्यायामाच्या ठिकाणाहून सासूबाईंची पिशवी आणा!”

तिच्या छातीतली शिटी वहिनींना ऐकू येऊ लागली. सवयीनं त्यांच्या तोंडातून निघालं, “क, र, म, ल, व, त. सांग शब्द.”

“वेड लागलंय का तुम्हाला?”

“शेवटचं अक्षर धर आणि मागे जा. त. काय येईल?”

शिटीआडून शब्द आला, “करवत.”

“छान. सावकाश. श्वास सोड, मग पुढचा.”

“मालक... लवकर... तलवार.” प्रत्येक शब्दाआड एक श्वास. “कलेवर.”

“अगं, काय अभद्र!”

“शब्द आहे ना?”

“आहे बाई.”

तेवढ्यात लिफ्ट हातभर खाली घसरली. दोघी किंचाळल्या. धाकटी भिंतीला टेकून खाली बसली आणि गप्प झाली. वहिनींनी हाका मारल्या, खांदा हलवला. मान नुसती इकडची तिकडे झाली.

“म पासून सांग! ल पासून सांग!”

पुटपुटल्यासारखं आलं, “लकेर.”

गाण्याची लकेर. चोख शब्द. वहिनींनी क्षणभर विचार केला आणि ठणकावलं, “बाद!”

“काय?”

“असा शब्दच नाही.”

“नाही कसा?” धाकटीची मान वर आली. “गाण्याची लकेर... घेतात!”

“घेतात. नुसती लकेर कुठे असते?”

“त्या दिवशीही हेच! चारचौघांत... माझी शोभा केलीत. सगळे शब्द... तुमच्या बापाचे आहेत का?”

“आहेत. दुसरा सांग.”

“नाही सांगत! आधी लकेर धरा!”

ती धापा टाकत होती, पण भांडत होती. वहिनी एकेक शब्द मुद्दाम उडवत राहिल्या. ‘तलम’ बाद, ‘कमाल’ बाद. शिव्या खात राहिल्या आणि अंधारात तिचं मनगट घट्ट धरून ठेवलं.

शेवटी दारात लोखंडी पहार घुसली आणि उजेडाची फट पडली. मजल्याची फरशी त्यांच्या कमरेएवढी वर होती. लिफ्ट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीतून खालची पोकळी दिसत होती. लिफ्टवाला पालथा पडून हात देत होता. “एकेक जणी या. लवकर, ही परत घसरेल.”

“आधी ही,” म्हणत वहिनींनी धाकटीला खालून रेटा दिला. तिची चप्पल त्या फटीतून पोकळीत पडली. खाली आपटल्याचा आवाज उशिरानं आला. मग त्या चढल्या. वर कोणीतरी सासूबाईंची पिशवी आणून ठेवली होती. धाकटीनं पंप तोंडाला लावला. एकदा, पुन्हा एकदा. हळूहळू शिटी बारीक होत थांबली.

“लकेर शब्द आहे,” ती म्हणाली. “तुम्हाला माहीत होतं.”

“होतं.”

“मग?”

“तू बोलेनाशी झालीस गं. मला दुसरं काही सुचेना.”

सासूबाईंना आणायला दोघी जिना चढू लागल्या, तर वहिनी मधेच कठडा धरून थांबल्या. पुढचं पाऊल उचलेना.

एका पायात चप्पल नसलेली धाकटी दोन पायऱ्या पुढे गेली होती. ती वळली, खाली आली आणि वहिनींच्या शेजारी पायरीवर बसली.

“बसा,” ती म्हणाली. “सासूबाई थांबतील थोडा वेळ.”