खऱ्या ग्रामोफोनचं खोटं पुस्तक

सेलूच्या मोंढ्याजवळ, बाजार समितीच्या आवाराशेजारी, शिवकांतचं कापसाच्या जिनिंग मशिनच्या सुट्या भागांचं दुकान आहे. पन्नाशी उलटल्यावर त्याला चावीचे जुने ग्रामोफोन जमवायचा नाद लागला, आणि फसगतही सुरू झाली. शंभर वर्षांचा म्हणून आणलेला कर्णा पुसला की फडक्याला काळा रंग यायचा, खाली कोरं पितळ. मोबाइलवरच्या ग्रुपात विचारावं तर जो तो स्वतःकडचाच ग्रामोफोन विकायला काढी. शिवकांतला या सगळ्याची शिसारी आली. खरं-खोटं सांगणारं एखादं पुस्तक हवं, असं त्याच्या मनाने घेतलं.

परभणीत जुन्या वस्तूंचा व्यापार करणाऱ्या भागवतांनी असं पुस्तक काढल्याचं कळलं. शिवकांतने ते मागवलं. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. पानं उलटता उलटता तो थबकला. फोटोतलं ग्रामोफोनचं मशिन त्याच्याच घरातलं होतं. मागे बायकोने, त्रिवेणीने, लावलेला फुलाफुलांचा पडदासुद्धा दिसत होता. मागच्या उन्हाळ्यात भागवत घरी येऊन, सरबत पिऊन फोटो काढून गेले होते. फोटोखाली छापलं होतं, 'अस्सल. एकही भाग बदललेला नाही.'

त्या मशिनची पेटी वाळवीने खाल्ली होती. नवी पेटी शिवकांतने सुताराकडून प्लायवूडची करून घेतली होती, आणि भागवतांना तसं सांगितलंही होतं. ज्या एका मशिनचं त्याला पक्कं ठाऊक होतं, त्याबद्दलच पुस्तक खोटं बोलत होतं. बाकीच्या पानांवर काय भरवसा ठेवायचा? त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तो रेल्वेने परभणीला गेला. भागवतांनी चहा मागवला, काहीही नाकारलं नाही.

"गिऱ्हाईक पुस्तक बघतंय शिवकांतराव, पेटी कोण ठोकून बघायलंय? आता मशिनला भाव येईल. विकायचं झालं तर मला सांगा."

शिवकांतने चहाला हात लावला नाही. "मी सांगितलेलं ऐकूनबी तुमी खोटं छापलं," तो म्हणाला. "हे पुस्तक न्हाई, तुमच्या दुकानाची जाहिरात हाय."

पुस्तक तिथेच टाकून तो बाहेर पडला. स्टेशनवर गुळण्या केल्या तरी तोंडातली कडू चव गेली नाही.

खरं पुस्तक सापडलं ते हैदराबादला, रद्दीतल्या पुस्तकांच्या दुकानात. इंग्रजी, काळ्यापांढऱ्या चित्रांचं. मुलगी शिवानी शिक्षिका. संध्याकाळी ती वाचून अर्थ सांगायची. लिहिणाऱ्याला काही विकायचं नव्हतं. 'हा भाग मूळचा की नंतरचा, मला सांगता येत नाही,' असं त्याने जागोजागी सरळ लिहिलं होतं. तिथे शिवकांतचा विश्वास बसला.

मग तो पुस्तक समोर ठेवून एकेक मशिन उघडू लागला. जुन्या मशिनांचे स्क्रू एकाच आडव्या खाचेचे असतात. त्याच्याकडच्या बहुतेकांत स्टार स्क्रू निघाले, म्हणजे ती अलीकडे जोडलेली. पाहुण्यांना तो जे कौतुकाने ऐकवायचा ते मशिनही तसंच. स्वतःच्या मिरवण्याचीच त्याला किळस आली. कितीतरी दिवस तो त्या खोलीत गेला नाही.

दिवाळीनंतर एक मंडपवाला सजावटीसाठी ग्रामोफोन मागायला आला. शिवकांतने स्टार स्क्रूचं एक मशिन दाखवून आधीच सांगून टाकलं, हे बनावट आहे. तो म्हणाला, तेच द्या, खरं मळकट दिसतं.

शिवकांतने आतून पेचकस आणला, मशिनवरची कंपनीच्या नावाची खोटी पट्टी उपटून काढली आणि मगच ते त्याच्या टेम्पोत चढवू दिलं.