समोरच्या बाजूची साक्षीदार

शाळेत माझा दुसरा तास चालू होता. मोबाइल तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा वर्गाबाहेर येऊन उचलला. लेक ऋतुजा होती. "आई, आजी उठत नाय... तू ये." महिना झाला त्याला. माझ्या सासूबाई, चंद्रभागा आत्याबाई, झोपेतच गेल्या. भेटायला येणाऱ्या बायका दबक्या आवाजात विचारायच्या, नवऱ्यानं टाकलेल्या सुनेकडं सासू कशी काय राहत होती? एकेकीला सांगून घसा बसला, म्हणून लिहूनच टाकते.

नवरा पुण्यात दुसरा संसार थाटून बसला तेव्हा ऋतुजा तीन वर्षांची होती. पुढची पाच वर्षं पोरीला त्याचा एक फोन नाही. पण शाळा बदलायची तर वडिलांची सही आणा, बँकेत खातं काढायचं तर वडिलांना आणा. शेवटी वैतागून कौटुंबिक न्यायालयात अर्ज केला की मलाच तिची पालक ठरवा. झालं, फुलंब्रीला सासरी वणवा पेटला. नाना, म्हणजे आत्याबाईंचे दीर, म्हणाले, "बाप जित्ता असताना आई कशी काय पालक? पोरगी आमच्या घराण्याची हाय." नवऱ्यानंही उलटा अर्ज ठोकला, मुलीचा ताबा मला द्या, माझी आई तिला गावी सांभाळेल. हरले असते तर ऋतुजा गेली असती. त्या वर्षभरात मला अन्न गोड लागलं नाही.

त्या घरात बाईला विचारायची रीतच नव्हती. बैठकीत पुरुषांनी ठरवायचं आणि आत फक्त निरोप जायचा. आत्याबाईंचं नाव साक्षीदारांच्या यादीत गेलं ते असंच. वकिलानं तयार केलेल्या प्रतिज्ञापत्रावर नानांनी बोट ठेवलं, आत्याबाईंनी सही केली. चौथी शिकलेल्या बाईला वाचता येतं, हे कुणाच्या ध्यानातही राहिलं नव्हतं. तारखेला नानांनी त्यांना जीपमधून आणलं. डोक्यावर पदर, मान खाली. त्यांना बघून वाटलं, सख्खी सासूच विरोधात म्हटल्यावर आपलं काय उरलं...

कागद वाचून झाला. न्यायाधीशबाईंनी विचारलं, "आजी, हे सगळं खरं आहे का?" आत्याबाईंनी पदर नीट केला. म्हणाल्या, "सही माझी हाय, मजकूर त्यांचा. मला कुणी इचारलंच नाय. आता तुमी इचारा." नानांच्या वकिलाचा चेहरा उतरला. न्यायाधीशबाई आधी रागावल्या, मग खरंच विचारत गेल्या, आणि आत्याबाई सांगत गेल्या. पोरगा पाच वर्षांत लेकीला भेटला नाही. ती कितवीत आहे ते त्याला ठाऊक नाही. मग म्हणाल्या, "माझा मालक गेला तवा हाच पोरगा सा वर्षांचा व्हता. शाळेच्या कागदावर पालक म्हणून दिराचं नाव लागलं. आजारपणं मी काढली, नाव त्याचं. मी गप बसले. ही बसली नाय, तिला लावू द्या तिचं नाव." मला तिथंच रडू फुटलं.

नाना जीप घेऊन तरातरा निघून गेले, आत्याबाईंना तिथंच सोडून. मी म्हटलं, "आत्याबाई, मग सही केलीच कशाला?" त्या हसल्या. "येडी का काय तू? नसती केली तर मला कोर्टात आणलं असतं का कुणी?"

निकाल माझ्या बाजूनं लागला. बाप हयात असूनही लेकीकडं ढुंकून बघत नसेल तर आईच पालक, असा त्याचा अर्थ माझ्या वकीलबाईंनी समजावला. आम्ही तिघींनी शहरात टीव्ही सेंटर भागातल्या माझ्या दोन खोल्यांत पुरणपोळी केली. त्या दिवसापासून नऊ वर्षं आत्याबाई माझ्याकडं राहिल्या, आणि लई तोऱ्यात राहिल्या.

पुढं त्यांचे डोळे अधू झाले. दर जूनला ऋतुजाचा फॉर्म आला की ती भरून झाल्यावर आजीच्या खाटेपाशी बसून वाचून दाखवायची. बाकीच्या रकान्यांत आजीला रस नसे. पालकाचा रकाना आला की म्हणायच्या, "परत वाच." परवा कॉलेजच्या सहलीचं संमतीपत्र आलं. ऋतुजानं ते भरलं आणि सवयीनं रिकाम्या खाटेपाशी जाऊन बसली. मोठ्यानं वाचलं, "पालकाचं नाव, वर्षा. नातं, आई." जरा थांबली. मग कुणी न सांगता तिनं ते परत वाचलं.