चित्रकथेतला मामा

माझी आयुष्यातली सगळ्यांत आवडती प्रेमकथा अत्यंत भिकार होती, हे आधीच सांगून टाकते. आता घरात टीव्ही आलाय. माझ्या मुली त्याच्यापुढं बसून कुणाकुणासाठी उसासे टाकतात आणि मी स्वयंपाकघरातून नाक मुरडते. "तुझ्या वेळी काय होतं गं एवढं भारी?" असं त्या विचारतात. काहीच भारी नव्हतं. माझ्या वेळी होतं ते याहून टुकार होतं, आणि मी त्यावर जीव ओवाळून टाकला होता.

ती एक चित्रमालिका होती. पुण्याहून निघणाऱ्या आणि सोलापुरात मिळणाऱ्या एका साप्ताहिकात दर खेपेला दोन पानं यायची, चित्राखाली चार-चार ओळी. नायिकेचे डोळे निम्मा चेहरा व्यापून उरलेले, त्यात चित्रकारानं न चुकता चांदण्या काढलेल्या. एवढे डोळे असून बाईला समोरचा माणूस दिसत नसे. दर भागात ती कुणावर तरी आदळायची आणि तिची पुस्तकं सांडायची. कॉलेजात जाऊन तिनं पुस्तकं सांडण्यापलीकडं काय केलं, ते लेखकानं कळू दिलं नाही. नायकाच्या कपाळावर केसांची एक बट आणि हातात व्हायोलिन. हा तळ्याकाठी उभा राहून वाजवायचा. पोटापाण्याचं काय, तर काही नाही. कर्नाटकातल्या आमच्या आळंदात तळ्याकाठी इतका वेळ एखादा माणूस उभा राहिला असता, तर म्हैस हरवली का म्हणून चार जणांनी चौकशी केली असती.

मी मात्र त्या डोळ्यांवर भाळले होते. आपलेही तसे दिसावेत म्हणून काजळ ओढत ओढत पार कानशिलापर्यंत नेलं, तेव्हा आईनं मला उजेडात धरून पाहिलं आणि डोळे आलेत म्हणून दोन दिवस एरंडेल घातलं. माझं प्रेमजीवन तिथूनच चिकट झालं.

साप्ताहिक आणायचा मामा. मामा म्हणजे आईचा सगळ्यांत धाकटा भाऊ. डाळीच्या मिलमध्ये कामाला. तूरडाळीच्या नमुन्याच्या थैल्या घेऊन सोलापूरला जायचा आणि येताना स्टँडवरून अंक घेऊन यायचा. मिलची डाळ निवडायला आमच्या अंगणात आळीतल्या बायका बसत. बोलायला सगळ्यांना मराठी येई, पण वाचायला कुणी कानडी शिकलेली, कुणी काहीच नाही. मी मराठी शाळेतली, म्हणून वाचन माझ्याकडं. मी नायिकेचे हुंदके नाकातून काढायची आणि नायकासाठी आवाज जाड करायची. नायकाला पडसं झालंय असं त्यामुळं वर्षभर सगळ्यांना वाटत होतं.

आता मामाचं सांगायला हवं, कारण खरी गोष्ट त्याची आहे. माझी थोरली बहीण, आमची अक्का, पाळण्यात होती तेव्हाच आईनं सांगून टाकलं होतं की ही माझ्या भावाची. आमच्याकडं यात कुणाला नवल वाटत नाही. भाचीवर पहिला हक्क मामाचा. मामा अक्कापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा. दोघांना लहानपणापासून चिडवून चिडवून लोक थकले होते. तुरीची सुगी झाली की लग्न, असं त्या वर्षी ठरलं होतं. अक्काला कुणी विचारलं नव्हतं. विचारायचं काय? उद्या सकाळ होणार का, हे आपण कुणाला विचारतो का?

आणि त्या चित्रकथेतही एक मामा होता! नायिकेचा तरुण मामा. दर दोन भागांनंतर एकदा यायचा, आंब्याची करंडी ठेवायचा, कॉलेजची फी भरायचा, उडालेला दिवा बदलायचा आणि निमूट जायचा. चित्रकार त्याला नेहमी मागं, लहानसा, मिशी लावून काढी. पण आमच्या अंगणाला तेवढं पुरेसं होतं. नायक कोण हे सगळ्या बायकांना पहिल्याच खेपेला समजलं. आणि तो व्हायोलिनवाला? तो खलनायक.

"ह्यो मेला परत आला का?" शेजारची काकू सूप आपटायची. "घरात मामा असताना पोरीच्या मागं कामून लागायलाय?"

"आन् हिला तरी अक्कल हाय का?" दुसरी म्हणायची. "फी कोन भरायलाय, आन् ही बघायली कुनीकडं?"

मामा बाहेरच्या कट्ट्यावर विडी ओढत बसलेला असायचा. चित्रातला मामा आला की त्याची विडी थांबायची. "पुन्हा वाच की गं तेवढं," म्हणायचा. आंब्याच्या करंडीचा भाग मला तीनदा वाचायला लागला. पुढच्या आठवड्यात खरोखरची करंडी घेऊन हा हजर. आमचा दिवाही त्यानं काढून पाहिला. चांगला चालू होता, तो बिघडवून गेला. बायकांनी पदर तोंडाला लावले. अक्का मान खाली घालून डाळ निवडत राहिली. आम्ही म्हटलं, लाजली.

शेवटच्या भागाला अंगण भरलं होतं. मी घसा खाकरला आणि सुरू केलं. मांडव, सनई, नायिकेच्या डोळ्यांत दुप्पट चांदण्या. अंतरपाटापलीकडं कपाळावरची बट. आणि नायिकेच्या पाठीशी, हसतमुखानं उभा, मामा! 'मामांनी लाडक्या भाचीचा हात तिच्या प्रियकराच्या हाती दिला,' असं खाली छापलं होतं. मी पान उलटून पाहिलं, तर पलीकडं केसांच्या तेलाची जाहिरात.

"नीट वाच," काकू म्हणाली.

"नीटच वाचलं."

"स्वतःच्या हातानं दिली? अन् हासायलाय वर?"

तेव्हा उमरग्याकडून आलेली काकूची नवी सून पहिल्यांदा बोलली. "आमच्याकडं मामा बापाच्या जागी असतोय. त्याच्याशी कोन लग्न करंल? मला पयल्यापासून ठावं होतं."

"मग सांगितलीस कामून न्हाईस?"

"मला कुनी इचारलं?"

म्हणजे इतके आठवडे आम्ही भलत्याच माणसाची वाट पाहत होतो, आणि पुण्याच्या त्या लेखकाला याची कल्पनाही नव्हती. त्याचाही दोष काय म्हणा. त्याच्यासाठी तो मामा म्हणजे दिवे बदलणारा नातेवाईक. बायका संतापून उठल्या, डाळ तशीच राहिली. मी मात्र हुंदके देत होते. कुणासाठी, ते मला आजही नक्की सांगता यायचं नाही. बहुधा त्या तेलाच्या जाहिरातीसाठी. गडबड ओसरल्यावर पाहिलं, तर कट्टा रिकामा होता. आणि अक्काच्या डोळ्यांत पाणी होतं.

ते पाणी मामानंही उठून जाताना पाहिलं होतं. पुढं त्यानं येणंच बंद केलं. मग मिलमधल्या हमालाबरोबर आईला निरोप आला, की लग्नाचं पुढं न्यायच्या आधी पोरीला एकदा विचार.

आईनं आधी मला शिव्या घातल्या. "तुझ्या त्या रद्दीनं माझ्या भावाचं डोस्कं फिरवलं! पोरीला काय इचारायचं असतंय?" मग भाऊच म्हणतोय तर विचारून टाकू, म्हणजे तोंड बंद होईल, असं म्हणत ती चुलीपाशी गेली. अक्का भाकरी थापत होती.

"काय गं, मामा करायचा नव्हं?"

"न्हाई," अक्का म्हणाली आणि भाकरी तव्यावर टाकली.

आपल्याला नीट ऐकू आलं नाही असं आईला वाटलं. तिनं परत विचारलं. अक्कानं परत तेच सांगितलं, भाकरीवर पाणी फिरवत.

"कामून? काय वाईट हाय त्याच्यात?"

"काईच न्हाई. त्यानं मला खांद्यावर घेऊन जत्रा दावलीय. मला त्यो मामाच वाटतंय."

"मग आजवर तोंडात काय धरली होतीस?"

"आज विचारलीस, म्हणून सांगितलं."

आई खाली बसली. निरोप परत न्यायला घरात दुसरं कुणी नव्हतं, म्हणून मला पाठवलं. मी वाटेनं वाक्यं जुळवत गेले. त्या मालिकेनं मला अशा प्रसंगासाठी पुष्कळ शब्द शिकवले होते. 'नियती' होता, 'विरह' होता, 'काळीज विदीर्ण' होतं. स्टँडवर सोलापूरची गाडी उभी होती आणि मामा टपावर चढून पोत्यांना दोरी आवळत होता. मला पाहून तो खाली वाकला.

"काय म्हनाली?"

सगळे शब्द गळपटले. "न्हाई म्हनाली."

त्यानं हातातली दोरी पोत्यावर ठेवली. खाली कंडक्टर ओरडत होता.

"रडत सांगितली का?"

"न्हाई. भाकरी थापत सांगितली."

चित्रातल्यासारखं हसतमुख वगैरे काही नाही; मामाचा चेहरा डाळीच्या पिठीनं पांढरा झालेला, त्यावर काही दिसतच नव्हतं.

"मग खरं हाय," तो म्हणाला.

त्यानं दोरीची गाठ आवळली, सुटली, पुन्हा आवळली. मी निघाले तर वरून हाक आली.

"अगं ए! तुज्या आईला सांग, अक्कावर वरडू नको म्हणावं. इचारा म्हनून मीच सांगितलं होतं." मग जरा थांबून, "आन् मी जेवायला येतो रविवारी." गाडी हलली. तो टपावरच्या कठड्याला धरून उभा राहिला आणि धुरळ्यातून ओरडला, "या रविवारी न्हाई. पुढं कवातरी."