घाटावर ओवीला कोण भेटलं?

समस्त वाचकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येतं की, पुढचा मजकूर लिहिणारा गृहस्थ पूर्ण शुद्धीत आहे, त्याचं वय पन्नाशीच्या पुढे आहे, आणि रस्त्यातलं लिंबू-मिरची त्याने आजवर बिनधास्त चपलेखाली चिरडलेलं आहे. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हताच. आजही नाही म्हणतो... फक्त जरा हळू आवाजात.

स्थळ नाशिक. माझी धाकटी बहीण सुनीता सिडकोत राहते. नवरा दिलीपराव, सासरे अण्णा, आणि मुलगी ओवी. ओवी दहा वर्षांची. तिला जन्मापासून दिसत नाही, ऐकू येत नाही. पण ती बोलते — आणि माझ्या भाचीसारखी बडबडी पोरगी अख्ख्या सिडकोत नसेल! फक्त ती हाताने बोलते. तिचा हात पकडायचा नाही. आपला हात तिच्या हाताखाली सरकवायचा. मग आपल्या हाताच्या हालचाली ती वरून 'ऐकते'. प्रत्येक माणसाचं तिच्याकडे हातावरचं नाव आहे. आई म्हणजे बांगडी. मी म्हणजे तळव्यावर दोन टिचक्या आणि वर एकदा कान पिळणं. (कान तिचा नाही, माझा. ती पिळते.)

अण्णांचं नाव सगळ्यात सोपं. तरुणपणी गावाकडे, नामपूरला, कडबा कापताना त्यांचं उजवं पहिलं बोट अर्धं गेलं होतं. ते अर्धं बोट तळव्यावर टेकलं की 'आजोबा'. तिला म्हणायचं असेल तर ती स्वतःचं बोट मुडपून टेकवते.

अण्णा माणसांशी तुटक बोलायचे, ओवीशी दिवसभर. सुनीता सोडली तर बाकीच्या घराने दहा वर्षांत एवढंच शिकून घेतलं — "आम्हाला नाही बाई जमत ते."

गेल्या एप्रिलमध्ये अण्णा सकाळी चहा पिता पिता गेले. मनमाडहून त्यांची मुलगी शकुताई आली, म्हणजे सुनीताची नणंद. अण्णांना खाली ठेवलेलं. ओवी आतल्या खोलीत. सुनीता म्हणाली, "एकदा ओवीला त्यांचा हात लावू द्या. हात गार लागला, बोट हललं नाही, की तिला कळेल. तिला सांगायचा दुसरा मार्ग नाही माझ्याकडे."

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" शकुताई कडाडल्या. "लेकराला मढ्याला शिवायला लावतेस? आणि तिला काय कळतंय गं?"

"तिला सगळं कळतं, ताई," मी म्हणालो. "कळवायला कुणी तयार नाही, एवढीच अडचण आहे."

"दादा, तुम्ही मध्ये पडू नका," दिलीपराव म्हणाले. ते कधीच कशाच्या मध्ये पडत नाहीत, त्यामुळे ते वाक्य त्यांना शोभलं.

अण्णांना नेलं. संध्याकाळी ओवी जेवायला बसली आणि तिने बोट मुडपलं. आजोबा? रात्रीचा घास रोज अण्णांच्याच हातचा. सुनीता भरवायला लागली तर पोरीने ताट ढकललं आणि दाराच्या कडीला हात लावून बसली. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. दुधावर किती दिवस काढणार? पोरीच्या फ्रॉकचे खांदे घसरायला लागले.

मी सुनीताला म्हटलं, "अगं, काहीतरी सांग तिला."

"काय सांगू, दादा? 'गेले' म्हटलं तर तिचे बाबाही रोज जातात नि येतात. 'झोपले' म्हटलं तर उद्यापासून झोपेला घाबरेल. 'संपलं' म्हटलं तर... ताटातलं संपतं, आणि आपण पुन्हा वाढतोच ना?"

मी उठून ओवीच्या ताटावर झाकण ठेवलं. मी! बारशात आणि बाराव्यात सारखंच बोलणाऱ्या माणसाने!

दहाव्याला सगळे गोदाघाटावर. भर दुपारचं ऊन, पायऱ्या तव्यासारख्या. पिंड मांडले आणि कावळा काही शिवेना. मग सुरू झाला आश्वासनांचा कार्यक्रम. "अण्णा, तुमची सायकल विकणार नाही!" "अण्णा, गावचं देऊळ रंगवून घेऊ!" दिलीपराव हात जोडून म्हणाले, "अण्णा, ओवीकडे लक्ष देऊ!" त्याबरोबर जवळ आलेला एकुलता एक कावळा उडून पलीकडच्या टॉवरवर जाऊन बसला. त्यालाही ते पटलं नसावं.

मी ओवीला घेऊन वरच्या पायरीवर छत्रीखाली बसलो होतो. पाण्यापासून लांब. अचानक तिने उजवा हात पुढे केला आणि हवेत पालथा ठेवला. ती ऐकताना ठेवते तसा... खाली कुणाचातरी हात असल्यासारखा. खाली काहीच नव्हतं. हात तिथेच टेकून राहिला. मग तिची बोटं कशावरून तरी सावकाश पुढे सरकली, आणि जिथे बोट अर्ध्यात संपावं तिथे थांबली. ती हसली. मग हसू गेलं. बराच वेळ ती तो हात चाचपत होती — उलटा, सुलटा, पुन्हा उलटा.

मग तिने माझा हात शोधला. मुडपलेलं बोट टेकवलं. आजोबा. मग 'हात'. मग दंडाशी मूठ आवळून 'गार'. आणि शेवटी तळव्यावर तळवा पुसून — 'संपलं'.

मी तिचा तळवा धरला. त्या उन्हात तो फ्रीजमधून काढलेल्या स्टीलच्या पेल्यासारखा गार होता. डावा तळवा घामेजलेला, गरम.

मी ओरडलो. सुनीता धावत आली, तिने ओवीच्या हाताखाली हात घातला. ओवीने तिलाही तेच सांगितलं, शब्दाला शब्द. आणि आईच्या पोटात तोंड खुपसून रडली... दहा दिवसांत पहिल्यांदा. त्यानंतर तिने दाराची कडी धरली नाही. त्या दुपारी घाटावरच आईच्या हातून दहीभात खाल्ला.

कावळा आलाच नाही. गुरुजींनी दर्भाचा कावळा करून वेळ निभावली.

मी डॉक्टरांना विचारलं, ओवीला शिकवणाऱ्या बाईंना विचारलं. रक्ताभिसरण, मनाचे खेळ, लहान मुलांना वातावरणातून कळतं — सगळं ऐकून घेतलं. न शिवलेल्या हाताचा गारवा तिला कसा कळला, हे कुणी सांगू शकलं नाही.

पण त्या घाटावरचं एक सांगायचं राहिलं. बातमी खाली पोचली आणि "तिला काय कळतंय" म्हणणारं अख्खं खटलं पायऱ्या चढून वर आलं. पोरीला पाणी हवंय हे दहा वर्षांत ज्यांना पटलं नाही, त्यांना ती मेलेल्या माणसाशी बोलते हे एका मिनिटात पटलं! सगळ्यात पुढे शकुताई. त्यांनी दहीभाताने माखलेला ओवीचा हात गच्च पकडला आणि कपाळाला लावला.

"ओवी, बाळा, विचार गं अण्णांना... माझ्यावर रागावलेत का?"

ओवीने हात सोडवून घेतला, त्यांचं मनगट, बांगड्या, अंगठी चाचपली, आणि आईकडे वळून हाताने काहीतरी बोलली.

"काय म्हणतात गं अण्णा?" शकुताईंनी पुन्हा विचारलं.

"अण्णा काही म्हणत नाहीत, ताई," सुनीताच्या तोंडून निघून गेलं. "पोरगी विचारतेय, ही बाई कोण?"