पोखर्णीची यादी आणि नावाचं शेपूट

शाळा माझी चौथीपर्यंतच. पण साखर कारखान्याच्या शेतकी ऑफिसात शिपाई म्हणून लागल्यापासून एकही बस्ता माझ्या हातून इकडचा तिकडं झाला नव्हता. एका गावाचा एक बस्ता, लाल फडक्यात बांधलेला, नवा कागद कायम सगळ्यात वर. साहेबसुद्धा मला विचारूनच फडकं सोडायचे.

मग ऑफिसात कंप्युटर आला. कोणाचा ऊस कधी तोडायचा, त्याच्या चिठ्ठ्या त्यातून निघायला लागल्या. कंप्युटरच्या मॅडमनं त्यासाठी छोटा प्रोग्राम लिहिला होता. 'चिठ्ठी' हा शब्द इंग्रजी अक्षरांत टाइप करायचा, पुढं गावाच्या फाइलीचं नाव द्यायचं, की प्रिंटर करकरायला लागायचा. सगळे हसले, तरी मी ते हट्टानं शिकलो.

एक दिवस पोखर्णीचा एक शेतकरी तिसऱ्यांदा आला. त्याच्या उसाला तुरा येऊन फड वाळायला लागला होता. यादीतून राहिलेलं त्याचं नाव साहेबांनी पहिल्या नंबरला घेतलं, मॅडमनं यादी दुरुस्त केली आणि त्या जेवायला गेल्या. चिठ्ठ्या काढायचं काम माझ्याकडं.

पडद्यावर पोखर्णी दोनदा दिसली. टिंबाच्या पुढं वरच्या नावाला बीएके, खालच्याला टीएक्सटी. वरचं ते नवं, एवढं तर मला ठाऊकच होतं. वरचं दिलं. चिठ्ठ्या फाडल्या, गठ्ठा बांधला आणि गावात वाटणाऱ्या माणसाच्या हातात ठेवला.

शेतकरी आडवा आला. "मामा, माझी चिठ्ठी आधी दाखवा."

"गावात मिळंल की. कंप्युटर हाय, चुकत न्हाई."

"कंप्युटर न्हाई चुकत. पण तुमी?"

माझं डोकंच फिरलं. त्याचं तोंड बंद करायला गठ्ठा परत घेऊन सोडला. पहिली चिठ्ठी दुसऱ्याची. दुसरीही. पार शेवटपर्यंत त्याचं नाव न्हाई.

मॅडम आल्या, बघितलं. "मामा, ही जुनी यादी. दुरुस्ती केली की मशीन आधीची प्रत बाजूला ठेवतं, तिच्या टिंबापुढच्या शेपटाला बीएके. नवी ती टीएक्सटी."

"मग ती वर कशी?"

"अक्षरांच्या क्रमानं. बी आधी, टी नंतर."

मला लाज वाटत होती, पण मी गप्प बसणारा न्हाई. "गेटवरचा वॉचमन पास बघितल्याबिगर गाडी आत घेतो का? तुमच्या प्रोग्रामनं शेपूट न बघता जुनी यादी घेतलीच कशी?"

मॅडमनं खुर्ची पुढं ओढली. "खरंय. ते मीच लिहायला पाहिजे होतं." तिथंच बसून त्यांनी चार ओळी घातल्या आणि खुर्ची मला दिली. "आता मुद्दाम चुका."

मी बीएके दिलं. प्रिंटर गप्प. टीएक्सटीवालीच फाइल द्या, असं पडद्यावर आलं. शेपूट न देता नुसतं पोखर्णी लिहिलं, तरी तेच. मग टीएक्सटी दिलं. पहिलीच चिठ्ठी त्याची. त्यानं ती टोपीच्या घडीत खोवली आणि चहालाही थांबला न्हाई.

तिसऱ्या दिवशी त्याची बैलगाडी वजनकाट्याच्या रांगेत दिसली, उसानं गच्च भरलेली. मला बघून वरूनच ओरडला, "काय मामा, शेपूट बघितलं का?"

"बघितलं, बघितलं! बैलं हाका!"