उत्तर आलं नाही तर

दवाखान्यांत सकाळची ओपीडी ऐन भरात असताना ऑफिसात बसलेल्या ओजस्विनीच्या लक्षात आलं, आपण मोठा घोळ घालून ठेवलाय.

चंदीगडच्या आयटी पार्कमधली तिची कंपनी दवाखान्यांतल्या टॅबलेटसाठी ब्राउझर बनवते. पेशंट त्यावर लॉगिन करून आपले रिपोर्ट बघतात. कधीकधी सर्व्हर सांगतो, ते पान आता इथे नाही, अमुक पत्त्यावर जा. तेव्हा ब्राउझरने लगेच धूम ठोकायची नसते. पत्ता भरवशाचा आहे का, हे तपासणीच्या कोडला विचारायचं आणि त्याचा कॉलबॅक, म्हणजे उत्तर, येईपर्यंत गप्प उभं राहायचं. कारण सोबत पेशंटच्या लॉगिनची किल्ली असते. ती परक्याच्या हाती पडली, की त्या बिचाऱ्याचं सगळं दुखणंखुपणं चव्हाट्यावर.

गेल्या आठवड्यात पिंजौरच्या दवाखान्यातून तक्रार आली, की स्क्रीन अडकतात. तपासणीचं उत्तर उशिरा येत होतं. ओजस्विनीने कोडमध्ये सरळ लिहून टाकलं: उत्तर वेळेत आलं नाही, तर होकार समजा. तिला त्यात काही वावगं वाटलंच नाही. वाटणार कसं? वडील श्रीपादराव केंद्र सरकारच्या बदलीच्या नोकरीत. हुकूम आला, की ते जेवताना तिला विचारायचे, "चालेल ना गं?" ती घास गिळेपर्यंत आई खोकी बांधायला घ्यायची. भोपाळ, जोधपूर, मग चंदीगड. नाही न म्हणणाऱ्या अशा मुलींना लोक गुणी म्हणतात. मला तरी त्या शब्दाचा राग येतो.

आज पिंजौरच्याच एका टॅबलेटला नवा पत्ता मिळाला होता. तपासणीने स्पष्ट नाही म्हटलं, पण उशिरा. तोवर एका पेशंटची किल्ली तिकडे पोचलीसुद्धा होती.

चालू दवाखान्यांचं काही बदलायचं, तर मॅनेजर इंद्रजितला विचारल्याशिवाय नाही, असा दंडक. ती होकाराची ओळ बदलू का, हे विचारायला तिने फोन केला, मेसेज टाकले. तो क्लायंटच्या मीटिंगमध्ये, फोन बंद.

"थांब ना यार," शेजारचा यतीन म्हणाला. "सगळीकडचे टॅबलेट अडकले, तर नोकरी जाईल तुझी, पक्का."

तेवढ्यात दुसऱ्या पेशंटच्या टॅबलेटलाही तोच पत्ता मिळाला. ओजस्विनीने ओळ बदलली: उत्तर नाही, तर नकार. नवा कोड सगळीकडे धाडला. दुसऱ्याची किल्ली जागीच थांबली. पाठोपाठ दवाखान्यादवाखान्यांतले स्क्रीन अडकू लागले आणि ऑफिसातले फोन खणखणायला लागले.

शेवटी इंद्रजितचा आला. मूळचा नागपूरचा तो, तापला की तिकडचंच बोलायचा.

"काय करून राहिली तू? कोणाला विचारून बंद केलं?"

"तुम्हालाच विचारलं होतं, सर. उत्तर आलं नाही."

"मग?"

"म्हणूनच बंद केलं. एका पेशंटची किल्ली बाहेर गेलीय. चूक माझी आहे. ती किल्ली रद्द करून त्यांना खरं काय ते आत्ताच सांगायला हवं. सांगू ना?"

इंद्रजित काहीच बोलेना. यतीनने तिला खूण केली, की आता फोन ठेव.

तिने ठेवला नाही.

"हो की नाही, सर?"