अण्णांची उलटतपासणी

गोडादरा या कामगारवस्तीतल्या आपल्या खोलीत अण्णा कामगाराला आधी रडवायचे, मगच त्याची केस घ्यायचे. वीस वर्षं माग चालवलेला माणूस. वकील नव्हे, युनियनचा प्रतिनिधी म्हणून कामगार न्यायालयात उभा राहणारा. पण खाटेवर बसले की मालकाचे वकील व्हायचे आणि समोरच्याला असं सोलायचे की दांडगे गडीही नाक पुसत बाहेर पडत. “इथंच रडून घे भो,” म्हणायचे, “तिथं रडलास तर फक्त पुढची तारीख मिळेल.”

मला कारखान्यातून काढलं होतं. मला माझा माग परत हवा होता. अण्णांनी विचारलं, “तुन्हं नाव काय शे?”

“खरं सांगू की हजेरीतलं?”

आमच्यात ती रीतच होती. चुलतभाऊ सुकलाल आजारी पडून गावी गेला, तेव्हा त्याच्या मागावर मी उभा राहिलो. तो परतला नाही. हजेरीत नाव त्याचंच चालू राहिलं. आठ वर्षं मुकादमाने मला सुकलाल म्हणूनच शिव्या घातल्या.

“शपथेवरही सुकलालच म्हणतो,” मी म्हटलं. “मालक नाकारेल कसा?”

“आणि रेशनकार्ड मागितलं तर? खोटं बोलायचं असेल तर दुसरा माणूस बघ.”

मी तासभर भांडलो. सौद्यात मी कुणाचं ऐकत नाही, पण अण्णांचं ऐकलं.

लेबर ऑफिसातल्या तडजोडीला मालक आलाच नाही. केस कोर्टात गेली. साक्षीत मी खरं नाव सांगितलं, तसा मालकाचा वकील हसला. “आमच्या हजेरीतला माणूस मी नव्हे, असं हाच कबूल करतोय, साहेब!”

अण्णांची भिस्त माझ्या मागाच्या शेडमधल्या पाच जणांवर होती. मागावर हाच होता, एवढंच त्यांनी सांगायचं होतं. एकही आला नाही. अण्णा दारोदार फिरले, तेव्हा कळलं की पाचातले चौघे स्वतःच दुसऱ्याच्या नावावर होते. एक जण दाराआडूनच म्हणाला, “तिथं माझंही नाव विचारतील, अण्णा. उद्या मी कुठं जाऊ?” पाचवा एकटा यायला घाबरला.

मी त्या कारखान्याचा कामगार असल्याचं सिद्ध होत नाही, असा निकाल लागला. व्हरांड्यात अण्णा म्हणाले, “चूक माझी. आधी शेडमध्ये विचारायला हवं होतं. हायकोर्टात जाऊ.”

“तुमच्या खरेपणाने माझा माग खाल्ला!” मी सगळ्यांदेखत ओरडलो.

मग मी चादरींची लारी, म्हणजे हातगाडी, लावली. आज दुकान आहे. अहमदाबादच्या हायकोर्टातल्या वकिलाचं वकीलपत्र माझ्या सहीसाठी घेऊन अण्णा तीनदा लारीवर आले. तिसऱ्यांदा त्यांना खोकल्याने उभंही राहवत नव्हतं. मी गिऱ्हाईकाशी मुद्दाम भाव ताणत राहिलो. अण्णांनी कागद चादरींवर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून त्यावर दगड ठेवला आणि गेले.

पंधरवड्याने ते वारले. माझा राग अजून उतरलेला नाही. मयतीहून आल्यावर मी त्या कागदावर सही केली. तो घेऊन अहमदाबादला जाणारं मात्र कोणी उरलं नव्हतं.